चष्म्याची घाई नको, पण दुर्लक्षही नको

सातवा-आठवा महिना लागला की काही जणींची तक्रार सुरू होते, "चष्मा तोच आहे, पण अक्षर अंधुक दिसतं." कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारी म्हणते, "लेन्स डोळ्यात खुपते." घरची मंडळी 'अशक्तपणा असेल' म्हणून सोडून देतात. खरं कारण बहुधा बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात असतं.

कॉर्निया ही डोळ्याची दर्शनी काच. मधोमध तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. डोळ्यात येणारे प्रकाशकिरण वळवण्याचं सुमारे दोन तृतीयांश काम तीच करते. म्हणून तिचा आकार थोडा बदलला तरी नंबर सरकतो. गरोदरपणात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं वाढतात, शरीरात पाणी साठतं. पावलं सुजतात, बांगड्या घट्ट होतात, तसंच थोडं पाणी कॉर्नियातही मुरतं. ती किंचित जाड होते, तिचा बाक बदलतो आणि लेन्स नीट बसत नाही. शिवाय कॉर्नियाची संवेदना कमी होते, त्यामुळे बारीक इजा लवकर जाणवत नाही.

अश्रूंचा थरही बदलतो, डोळे कोरडे पडतात. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर कितीतरी भगिनी दिवस भरत आले तरी उन्हा-वाऱ्यात बोंबील, सुकट वाळत घालतात. त्यांना हा कोरडेपणा जास्त जाचतो. अशा वेळी डोळे चोळू नयेत. मध किंवा अंगावरचं दूध डोळ्यात घालू नये. दुकानातून मनाने औषधही आणू नये; डॉक्टरांना विचारूनच थेंब घ्यावेत.

हा बदल बहुतेकींमध्ये बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ओसरतो. काहींमध्ये अंगावरचं दूध तुटेपर्यंत राहतो. म्हणून फारच अडत नसेल, तर चष्म्याचा नवा नंबर बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी काढावा. नंबर घालवण्याची लेझर शस्त्रक्रिया तर या काळात नकोच. बाळाचं दूध सुटून नंबर स्थिर झाला की मगच तिचा विचार करावा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. वीस आठवड्यांनंतर डोळ्यांसमोर अचानक काजवे चमकले, एकाचे दोन दिसले किंवा काळा डाग आला, त्यातच डोकं ठणकत असेल, तोंड-हात सुजले असतील, तर तो दोष कॉर्नियाचा नव्हे. वाढलेल्या रक्तदाबाचा तो इशारा असू शकतो, आणि त्यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. सकाळची वाट न पाहता जवळच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घ्यावा. वाहन नसेल तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतही हीच काळजी घ्यावी. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईने आतला पडदाही तपासून घ्यावा.

हळूहळू आलेला अंधुकपणा डॉक्टरांच्या कानावर घालून थोडी कळ काढता येते. अचानक आलेल्या अंधुकपणाला मात्र घरात ठेवायचं नसतं, एवढं सासूबाईंनी आणि नवऱ्यानेही लक्षात ठेवावं.