शाळेला मानसशास्त्रज्ञ हवा, पण तो घडणार कुठे?

जून लागला की लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांत एकच दृश्य दिसतं. ॲटोतून पत्र्याची पेटी आणि गादीची वळकटी उतरते. वडील खोलीच्या भाड्यावर घासाघीस करतात, आई मेसच्या भाजीची चव घेऊन बघते आणि सोळा वर्षांचं पोर गप्प उभं असतं. आता दोन वर्षं त्याचं जग म्हणजे क्लास, खोली आणि दर आठवड्याची टेस्ट.

त्याच सुमाराला सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत दुसरंच एक मूल येतं. चौथी-पाचवीतलं. सोबत गुरुजींची चिठ्ठी असते, ‘वाचता येत नाही, डोकं चालत नाही, तपासून द्यावे.’ मुलगा खेळात तरबेज, किराणा दुकानातला हिशेब तोंडी करणारा. पण पुस्तक समोर आलं की त्याला घाम फुटतो. आईचा प्रश्न ठरलेला असतो, ‘डॉक्टर, आमचा पोरगा मंद आहे का हो?’

या दोन्ही मुलांना ज्याची गरज आहे तो माणूस एकच आहे, शालेय मानसशास्त्रज्ञ. गोळ्या देणारा मनोविकारतज्ज्ञ वेगळा, शाळेत ‘व्यक्तिमत्त्व विकासा’चं भाषण करून जाणारा पाहुणा वेगळा. शालेय मानसशास्त्रज्ञ मुलाची शिकण्याची क्षमता मोजतो, अडचण कुठे आहे ते शोधतो, शिक्षकाला वर्गात काय बदलायचं ते सांगतो, पालकांशी बोलतो आणि गरज असेल तिथे दवाखान्यात पाठवतो. अमेरिकेत लाइटनर विटमर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८९६ मध्ये पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक उघडलं, तेव्हा त्यांच्याकडे आलेल्या पहिल्या मुलांपैकी एकाची अडचण शुद्धलेखनाचीच होती. आज तिथल्या शालेय मानसशास्त्रज्ञांची राष्ट्रीय संघटना पाचशे विद्यार्थ्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ असावा असा आग्रह धरते. आपल्याकडे अख्ख्या तालुक्यात एक शोधायचा म्हटलं तरी पंचाईत होते.

हा प्रश्न आता नुसत्या इच्छेचा राहिलेला नाही. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. कायदा होईपर्यंत ही तत्त्वं बंधनकारक आहेत आणि खासगी क्लासही त्यांच्या कक्षेत येतात. गुणांनुसार तुकड्या पाडणं आणि चारचौघांत अपमान करणं टाळा, असंही त्यात आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. ‘लातूर पॅटर्न’चा अभिमान सगळ्यांनाच आहे, पण हे आकडे त्याच राज्याचे आहेत.

आदेश झाला, माणसं कुठून आणायची? लातूर-नांदेडकडच्या बऱ्याच तरुण-तरुणींनी मानसशास्त्रात एम.ए. केलेलं असतं. काहीजण जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असतात. त्यांतल्या कुणाला वाटतं की याच विषयात पीएच.डी. करावी. विचार चांगला आहे, फक्त त्या पदवीने काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं.

अमेरिकेत शालेय मानसशास्त्राची डॉक्टरेट म्हणजे संशोधन अधिक प्रत्यक्ष काम. शेवटचं जवळजवळ वर्षभर शाळेत, देखरेखीखाली इंटर्नशिप करावी लागते. आपल्याकडची पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे. ती मानसशास्त्रात किंवा शिक्षणशास्त्रात मिळते, विषय शाळेचा घेता येतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार एम.ए.ला ५५ टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सूट आहे. किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षं मिळू शकतात. नोकरी करत अर्धवेळ पीएच.डी. करता येते, पण खात्याचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. गुरुजींच्या दृष्टीने हा कागद प्रवेशपरीक्षेपेक्षा अवघड! प्रवेशासाठी विद्यापीठाची पेट किंवा २०२४ पासून नेटचे गुण. मार्गदर्शकाकडे जागा असणं हा वेगळाच प्रश्न. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांसाठी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, स्थापन झालं. त्यामुळे नोंदणीसाठी आता छत्रपती संभाजीनगर गाठावं लागत नाही. पैशाची अडचण असेल तर बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं.

एवढं करून नावापुढे ‘डॉ.’ लागलं तरी मुलांवर उपचार करण्याचा परवाना मिळत नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठीही सही अशाच नोंदणीकृत व्यक्तीची चालते. आणखी एक बदल अनेकांना माहीत नाही. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत, असे निर्देश यूजीसीने दिले आहेत. घरबसल्या एम.ए. करून पुढे जाऊ, हा बेत आता जमणारा नाही.

मग पीएच.डी. करायचीच कशाला, असं कुणी म्हणेल. तर या भागाला आज ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त टंचाई आहे, ती संशोधनातूनच तयार होते. ती म्हणजे आपल्या मुलांना मोजायची आपली फूटपट्टी.

बुद्ध्यंक म्हणजे काय? मुलाला काही प्रश्न देतात आणि त्याची उत्तरं त्याच्याच वयाच्या शेकडो मुलांच्या उत्तरांशी ताडून बघतात. त्या मुलांची सरासरी शंभर धरली जाते. सत्तरच्या खाली साधारण दोन-अडीच टक्के मुलं येतात. म्हणजे आकड्याचा अर्थ त्या ‘शेकडो मुलां’वर अवलंबून आहे. ती कुठली होती, कधीची होती, कुठली भाषा बोलत होती, याला फार महत्त्व आहे. यालाच चाचणीचे मानदंड म्हणतात. फ्रान्सच्या बिने यांची चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली ती १९३४ च्या सुमारास, धारवाडकडे. ते काम त्या काळात फार मोठं होतं. पण ‘बिने-कामत’ आजही कपाटातून निघते आणि नव्वद वर्षांपूर्वीच्या मुलांशी आजच्या मुलाची तुलना होते. अनेक देशांत असं आढळलं आहे की दर दहा वर्षांना मुलांचे गुण सरासरी तीनेक अंकांनी वाढत जातात. त्यामुळे जुन्या मानदंडांवर आजचं मूल आहे त्यापेक्षा हुशार दिसू शकतं आणि ज्याला खरंच मदत हवी ते मदतीतून सुटतं.

उलटी चूक भाषेमुळे होते. मराठवाड्यात घराघरांत ‘पानी’ म्हणतात. मुलाने वहीत ‘पानी’ लिहिलं तर ती बोलीची सवय आहे, त्याला डिस्लेक्सिया म्हणता येणार नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तर पदवीधरही करतात. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे घरात तेलुगू, उदगीर-निलंग्याच्या सीमेवर कानडी, तांड्यावर गोरमाटी, किनवटला गोंडी आणि कोलामी. हे मूल सहाव्या वर्षी शाळेत येऊन मराठीशी पहिली ओळख करून घेतं. तिसरीत ते अडखळत वाचतं, ते मेंदूतल्या अडचणीमुळे की भाषेच्या अनोळखीपणामुळे? दोन्हींवरचा उपाय पूर्ण वेगळा आहे. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर चार-पाच महिने कारखान्यावर राहून आलेल्या मुलाचंही तेच. त्याची शाळा बुडालेली असते, बुद्धी नव्हे.

मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाची डिस्लेक्सियाची चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत तयार केली, हे मोठं पाऊल आहे. पण तांड्यावरच्या किंवा सीमेवरच्या मुलांसाठी तिचे गुण कसे वाचायचे, हे इथल्याच संशोधकाने गावोगाव फिरून ठरवायला हवं. शंभर-दीडशे मुलांची घरची भाषा, शाळेतली हजेरी आणि वाचनाचा वेग नीट नोंदवून ती मुलं दोन वर्षं पुन्हा पुन्हा तपासली, तरी एक उत्तम प्रबंध होईल आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या गुरुजींच्या हातात काहीतरी ठोस पडेल.

प्रत्यक्षात होतं काय? ‘शहरी व ग्रामीण विद्यार्थ्यांच्या आत्मविश्वासाचा तुलनात्मक अभ्यास’ अशा थाटाचे विषय घेतले जातात. विकतची प्रश्नावली आणायची, दोन शाळांत एका दुपारी भरून घ्यायची, संगणकावर आकडेमोड करायची आणि ‘फरक आढळला’ असं लिहून मोकळं व्हायचं. प्रबंध शोधगंगेवर चढतो. त्या दोन शाळांतलं एकही मूल त्यामुळे आधीपेक्षा बरं वाचत नाही.

या भूमीवर गंभीर काम होऊच शकत नाही असं मात्र नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. त्यातून वाचलेल्यांच्या मानसिक आजारांवरचा अभ्यास १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकात छापून आला. भूकंपानंतर पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने हराळीला काम सुरू केलं, ते आजही चालू आहे. बुद्धिमापनाला शिक्षणाशी जोडणारी ही संस्था मानसशास्त्रज्ञ डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये काढली होती.

मुलांवर संशोधन करताना एक पथ्य हमखास विसरलं जातं. मुख्याध्यापकांनी ‘करा’ म्हटलं की झालं, असं नसतं. नैतिकता समितीची परवानगी लागते, पालकांची लेखी संमती लागते आणि आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी, तर बारा ते अठरा वर्षांच्या मुलाची लेखी तयारीही घ्यावी लागते. आणि प्रश्नावली भरताना एखाद्या मुलीने ‘जगावंसं वाटत नाही’ या ओळीवर खूण केली, तर तो कागद गठ्ठ्यात बांधून ठेवता येत नाही. त्याच दिवशी कुणाशी बोलायचं, कुठे पाठवायचं, हे संशोधकाने आधी ठरवलेलं असलं पाहिजे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक, वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग आणि चोवीस तास चालणारा टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक, एवढं तरी वहीच्या पहिल्या पानावर असावं.

नोंदणी करण्याआधी मार्गदर्शकांकडे जाणाऱ्याने दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. तुमच्या मागच्या विद्यार्थ्यांनी किती दिवस शाळेत काढले? आणि वापरायच्या चाचणीचे मानदंड कुठल्या मुलांवर, कोणत्या वर्षी काढले आहेत? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चाचणीच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं. पुस्तिका कपाटात असेल तर तिथेच उघडून बघावी.