तिरुनेलवेली वजा अलिबाग

मी सिंगापूरला जीपीएसवर चालणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहितो. एका मार्चमध्ये विचित्र बग मागे लागला. दिवसभर अगदी अचूक असणारं स्थान रात्री आठ-नऊनंतर भरकटायचं. तो कोड लिहिणाऱ्या नवख्या मुलाला आम्ही आठवडाभर फैलावर घेतलं. बिचाऱ्याने तीनदा सगळं तपासलं, चूक सापडेना.

सापडणार कशी? चूक आकाशात होती!

सूर्याच्या अतिनील किरणांमुळे वरच्या हवेतले अणू फुटून विद्युतभारित कण तयार होतात. हे आयनमंडल. साधारण ३०० ते ४०० किलोमीटर उंचीवर ते सर्वात दाट असतं. पण त्याला हलवणारा एकटा सूर्य नाही. १०० किलोमीटरच्या आसपासचे वारे भारित कणांना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून ओढतात आणि डायनामोसारखी वीज निर्माण होते. चुंबकीय विषुववृत्तावर हे क्षेत्र आडवं असतं, त्यामुळे दिवसा ही वीज कणांना वर ढकलते. मग ते कारंज्यासारखे दोन्ही बाजूंना, साधारण १५ अंशांवर उतरतात.

सूर्यास्ताच्या सुमारास हा धक्का थोडा वेळ आणखी वाढतो. खालचा थर झपाट्याने विरतो, वरचा दाट राहतो. जड वर, हलकं खाली! मग खालून बुडबुडे उठतात आणि त्यातून येणारे उपग्रहाचे सिग्नल थरथरतात. आपल्या भागात मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सूर्य जास्त सक्रिय असताना हे अधिक घडतं.

फोनवर बाबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "अरे, आपल्या अलिबागच्या वेधशाळेत असलंच काहीतरी मोजतात ना?"

शोधलं तर खरंच! मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय नोंद १९०४ साली अलिबागला हलवली गेली. चुंबकीय विषुववृत्तावर दिवसा विजेचा अरुंद, जोरदार प्रवाह वाहतो. तमिळनाडूतलं तिरुनेलवेली त्याच्याखाली येतं, अलिबाग बाहेर. म्हणून शास्त्रज्ञ तिरुनेलवेलीच्या नोंदीतून अलिबागची नोंद वजा करतात. उरतो तो त्या प्रवाहाचा जोर, आणि त्यावरून वर ढकलणाऱ्या विजेचाही अंदाज येतो.

लहानपणी समुद्रावर जाताना त्या वेधशाळेवरून शेकडो वेळा गेलो असेन, पण आत काय चालतं हे कधी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाची सगळ्यांसमोर माफी मागितली. आता रात्रीची चूक दिसली, की आम्ही आधी आयनमंडलाची स्थिती पाहतो आणि मग माणसाला विचारतो.