ऊन मोजणाऱ्या यंत्राची परीक्षा

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली बुडाशीच नाहीशी होते. या उन्हाचे मूळ माप मात्र जमिनीवर मिळत नाही, कारण धूळ, बाष्प आणि ढग वाटेतच त्यात कपात करतात. १९७८ पासून उपग्रह ते वरून सलग मोजत आले. पण त्यांचे आकडे आपसात जुळेनात.

उपग्रहावरच्या या यंत्राच्या पोटात आतून काळी केलेली निमुळती पोकळी असते. झडप उघडली की ऊन तिला तापवते. झडप मिटली की तेवढीच उष्णता टिकवायला जादा वीज द्यावी लागते. ही जादा वीज म्हणजे उन्हाची शक्ती. वीज अचूक मोजता येते, म्हणून हा मार्ग. अतिनील किरणांनी काळा लेप हळूहळू बदलतो. यासाठी एक पोकळी राखीव ठेवतात, ती क्वचितच उघडतात आणि रोजच्या पोकळीची झीज तिच्याशी ताडून काढतात.

२००३ मध्ये सोर्स उपग्रहावरील टिम यंत्राने चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट दाखवले. जुनी यंत्रे १३६५-६६ सांगत होती. ११ वर्षांच्या चक्रात सूर्य स्वतः जेमतेम हजारात एक भाग बदलतो, आणि यंत्रांमधला फरक त्याच्या तिपटीहून अधिक! जुन्या रचनेत नेमक्या मापाचे छिद्र आत होते आणि पुढचे तोंड रुंद, त्यामुळे फाजील प्रकाश आत विखरून पोकळीत शिरे. टिमने नेमके छिद्र पुढे आणले. अमेरिकेतील बोल्डरच्या प्रयोगशाळेत निर्वात कक्षात, अतिथंड प्रमाण-रेडिओमीटरसमोर यंत्रे ठेवून हा दोष तपासला गेला. संशोधक ग्रेग कॉप आणि ज्युडिथ लीन यांनी २०११ मध्ये १३६०.८ हा आकडा मांडला. या क्षेत्रातले हे सर्वांत मोलाचे काम आहे, असे मी मानतो.

आपल्याकडे जमिनीवरचे ऊन मोजताना यंत्र प्रमाणाशी ताडून पाहण्याची ही शिस्त हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाने जपली. १९४८ मध्ये तिथे रुजू झालेल्या ॲना मणी यांनी १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षासाठी देशभर सौर प्रारणाची केंद्रे उभारली. वजनमापांवर शिक्का घ्यावा तसे पुण्याचे प्रमाण-यंत्र स्वित्झर्लंडमधील दावोसच्या जागतिक प्रमाणाशी जुळवतात. ही तुलना दर पाच वर्षांनी होते.

सोलापूर परिसरात सौर प्रकल्प चालवणाऱ्यांना एकच विनंती: आपल्या पायरॅनोमीटरच्या, म्हणजे जमिनीवर ऊन मोजणाऱ्या यंत्राच्या, कॅलिब्रेशन प्रमाणपत्रावरची तारीख आजच पाहा.