मेमरी कार्डातला पुरावा वाचवा!

कर्जत-खालापूरच्या वाड्या-वस्त्यांवर आज अन्यायाचा पहिला साक्षीदार मोबाईल आहे. जातीवाचक शिवीगाळ असो की कातकऱ्याच्या झोपडीवर फिरलेला जेसीबी, चित्रण मेमरी कार्डात असते. खटल्याच्या तोंडावर कार्ड उघडत नाही. दुकानदार ‘फॉरमॅट करा’ म्हणतो आणि आमची माणसे मान डोलावतात!

हे थांबले पाहिजे. फाइल पुसली की बहुधा तिची नोंद जाते, मजकूर जागेवरच राहतो. त्यावर नवे काही लिहिले गेले की मात्र तो कायमचा जातो. म्हणून कार्ड लगेच मोबाईलमधून काढावे. लिनक्सवरचे ‘डीडीरेस्क्यू’ आधी शाबूत भाग उतरवून घेते, खराब भागाकडे नंतर वळते. त्या प्रतीवर ‘फोटोरेक’ चालवावे. फाइलव्यवस्था मोडली तरी ते फोटो-व्हिडिओ त्यांच्या ठरावीक खुणांवरून शोधते. दुरुस्तीचे प्रयोग मूळ कार्डावर नकोतच. ही साधने फुकट आहेत. शिवाय त्यांचा कोड खुला असल्याने विरोधी वकिलालाही तो तपासता येतो.

कायदा कडक आहे. जालन्याच्या अर्जुन खोतकर निवडणूक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली, मूळ उपकरण हजर नसेल तर कलम ६५-ब चे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हॅश मूल्यही द्यावे लागते. (त्याचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो.) एक बिट बदलला तरी हे मूल्य बदलते. ‘एसएचए२५६सम’ ही आज्ञा ते काढून देते. कार्ड पोलिसांकडे देताना हे मूल्य पंचनाम्यात लिहून घ्या आणि पंचनाम्याची प्रत मागा.