बेंजो पार्टी: ठाणे-डोंबिवलीचा विजेवरचा ताफा

ठेक्यावर शब्द फेकत बोलण्याची रॅप ही पद्धत आणि विजेच्या गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करून वाजवण्याची मेटल ही शैली यांचा संकर अमेरिकेत १९९१ च्या सुमारास ठळक झाला. त्या वर्षी ॲन्थ्रॅक्स या मेटल बँडने पब्लिक एनिमी या रॅपसमूहाबरोबर ध्वनिमुद्रण केले, आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये उभ्या राहिलेल्या रेज अगेन्स्ट द मशीन या बँडच्या १९९२ मधील पहिल्या अल्बमने ही वाट जगभर पोचवली. या संकराची आठवण ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातही येते: तिथे विजेवरचे तंतुवाद्य, छातीत धडकणारा ताल आणि बेभान जमाव हे तिन्ही घटक ज्या ताफ्यात एकत्र येतात, त्याला बेंजो पार्टी म्हणतात. दोहोंत मुख्य फरक शब्दांचा आहे. रॅप-मेटलमध्ये शब्द हेच शस्त्र असते, तर बेंजो पार्टीत बहुधा गायक नसतोच. चाल ओळखून शब्द पुरवण्याचे काम नाचणारेच करतात.

या ताफ्यातल्या बेंजो या तंतुवाद्याचे नाव फसवे आहे. अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या लोकांनी घडवलेल्या, कातड्याने मढवलेल्या गोल बँजोशी त्याचे नाते केवळ नावापुरते आहे. त्याचे खरे कूळ जपानी असून, नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये तैशोगोतो नावाचे घरगुती वाद्य तयार केले, तेव्हा तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवण्याची त्यांची कल्पना इतकी सुटसुटीत ठरली की ते वाद्य पुढे भारतीय उपखंडातही रुजले. भारतात त्याला बुलबुल तरंग हे नाव मिळाले, बलुचिस्तानात ते बेंजू झाले आणि मुंबई-ठाण्याच्या वस्त्यांत बेंजो.

त्याची रचना जवळून पाहण्याजोगी आहे. लांबट लाकडी पेटीवर पोलादी तारा ताणलेल्या असतात. त्यांपैकी काही सुरावटीसाठी एकाच स्वरात जुळवलेल्या आणि उरलेल्या आधारस्वर धरण्यासाठी. डाव्या हाताच्या बोटाने कळ दाबली की तिच्याखालची धातूची पट्टी तारेवर टेकते, तारेची कंपणारी लांबी कमी होते आणि स्वर चढतो; बोट उचलताच स्प्रिंग कळ पूर्ववत करते, तर उजवा हात नखीने तार छेडत राहतो. वादकाचे बोट तारेला लागत नसल्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड या वाद्यात नीट निघत नाही, आणि छेडलेला स्वर लवकर विझतो. ही उणीव वादक नखीच्या अतिजलद मागेपुढे फिरण्याने भरून काढतो. त्यामुळे सुटे आघात एकमेकांत मिसळून लांब स्वराचा भास होतो. बेंजोचा तो ओळखीचा थरथरता आवाज म्हणजे यंत्राच्या मर्यादेवर मनगटाने काढलेला तोडगा आहे.

वाद्याला पिकअप, म्हणजे तारेच्या कंपनाचे विद्युतसंकेतात रूपांतर करणारा भाग, जोडला गेला आणि दिवाणखान्यातले हे वाद्य मिरवणुकीत उतरले. हातगाडीवर किंवा टेम्पोवर जनरेटर, अँप्लिफायर आणि कर्णे, त्यांच्या पुढे बेंजो व कीबोर्ड, भोवती ढोल, ताशा आणि ऑक्टोपॅड, म्हणजे काठीने वाजवायचे विद्युत तालफलक, असा हा संसार असतो. आगरी-कोळी घरांतील हळद, गणपतीचे आगमन-विसर्जन आणि नवरात्र हे त्याचे हंगाम असून कार्यक्रमाच्या ठरावाला सुपारी म्हणतात. चालत्या गाडीबरोबर पावले टाकत, नाचणाऱ्यांचा कल पाहून आरतीवरून कोळीगीतावर आणि तिथून नव्या सिनेगीतावर ठेका न तोडता जाणे, हे बेंजोवादकाचे खरे कसब. त्याला फर्माईश पुष्कळदा शब्दांनी नव्हे, हातवाऱ्यांनी कळते.

डोंबिवलीकर दिग्दर्शक रवी जाधव यांनी २०१६ मध्ये ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट याच वादकांवर केला, त्यात रितेश देशमुख यांनी बेंजोवादक रंगवला आणि संगीत विशाल-शेखर यांनी दिले. या जोडीतील विशाल ददलानी हे मुंबईच्या पेंटाग्राम या रॉक बँडचे गायक असल्यामुळे वस्तीतला बेंजो आणि शहरी रॉक यांची गाठ निदान पडद्यावर तरी पडली.

रस्त्यावरची स्थिती मात्र बिकट आहे. डीजेच्या कर्ण्यांच्या भिंतींनी बेंजोच्या सुपाऱ्यांत वाटा घेतला, कारण मूळ गाणेच शब्दांसकट आणि अधिक मोठ्याने वाजवता येत असताना आयोजकाला वादकांचा जथा पोसण्याची गरज उरत नाही. दुसरीकडे, १९९९ मध्ये डोंबिवलीतून सुरू झालेल्या गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेने ढोल-ताशा पथकांना जी प्रतिष्ठा दिली, ती बेंजोच्या वाट्याला आली नाही. पथक ही संस्कृती ठरली आणि बेंजो हा धंदा.

तिसरी अडचण आवाजाची आहे आणि ती रास्त आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. सणांच्या मोजक्या दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेल्या निकालाने या नियमांच्या अंमलबजावणीला धार आणली, आणि ध्वनिक्षेपक हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हेही स्पष्ट केले. रुग्ण, परीक्षार्थी आणि तान्ही मुले यांच्या बाजूने पाहता या निकालाविरुद्ध तक्रार करता येत नाही.

तरीही डीजे आणि बेंजो यांना एकाच मापाने मोजणे चुकीचे ठरेल. डीजेचा आवाज उतरवला की त्याचे आकर्षणच उतरते. बेंजो मात्र मुळात चार भिंतींत वाजण्यासाठी घडवलेले वाद्य आहे आणि कर्णे काढून टाकले तरी त्याची चाल, त्याचा थरथरता स्वर आणि वादकाचे मनगट शाबूत राहते. म्हणून मंडळांनी आणि हळदीच्या यजमानांनी सुपारी देताना किती कर्णे आणणार, हे विचारण्याऐवजी बेंजोवर कोण बसणार आहे, एवढे विचारावे.