आधी टाळ हातात येतो

शाळेच्या स्नेहसंमेलनाची आखणी सुरू झाली की शिक्षकांच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘पहिली-दुसरीची मुलं पुढंच येत नाहीत, लाजतात.’ त्यावरचे उपायही ठरलेले असतात. पालकांना निरोप धाडायचा, बक्षीस जाहीर करायचे, नाहीतर एक समूहनृत्य बसवून सगळा वर्ग रंगमंचावर उभा करायचा. या साऱ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे अडचण मुलाच्या स्वभावात आहे. पण शाळेच्या उपक्रमांत लहान मुलाला आत शिरायला दार ठेवले आहे का, आणि असल्यास ते किती उंचीवर आहे, हे तपासले तर निराळे चित्र दिसते.

आधी ‘भाग घेणे’ म्हणजे काय ते पाहू. रॉजर हार्ट या पर्यावरण-मानसशास्त्राच्या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी एक छोटा निबंध लिहिला. मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी त्यात आहे. शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागासाठी जी शिडी मांडली होती, तिच्यावरून हार्ट यांना ही सुचली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना हार्ट सहभाग मानतच नाहीत. त्यांतली दुसरी पायरी आहे ‘सजावट’. मुलांना विशिष्ट कपडे घालून नाचायला-गायला उभे करतात, पण कार्यक्रम कशाचा आहे आणि तो कोणी ठरवला याची मुलांना फारशी कल्पना नसते. आपल्याकडचे पहिलीचे समूहनृत्य आठवून पाहावे. गाणे बाईंनी निवडलेले, पोशाख भाड्याने आणलेले आणि मुलांची नजर मंचाखाली उभ्या राहून हातवारे करणाऱ्या बाईंवर खिळलेली. मुले गोड दिसतात, पालक फोटो काढतात. पण उद्या शाळेत ‘हे माझे काम’ म्हणावे असे त्या मुलाच्या हाती काही उरत नाही. हार्टच्या शिडीवर खरा सहभाग चौथ्या पायरीपासून सुरू होतो. काम मोठ्यांनी नेमून दिले तरी हरकत नाही, मात्र ते कशासाठी आहे हे मुलाला ठाऊक हवे आणि त्या कामाला अर्थ हवा. सहा वर्षांच्या मुलासाठी ही पायरी मुळीच उंच नाही.

लहानांचा प्रश्न स्काउट चळवळीपुढे फार लवकर आला. बेडन-पॉवेल यांचे पहिले प्रायोगिक शिबिर १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर भरले आणि काही वर्षांतच मोठ्या मुलांची पथके सर्वत्र उभी राहिली. मग या मुलांचे धाकटे भाऊ मागे लागले. कवायत, गाठी, तंबू हे सारे त्यांनाही हवे होते. १९१६ मध्ये बेडन-पॉवेल यांनी त्यांच्यासाठी वेगळी शाखा सुरू केली. तिला किपलिंगच्या ‘जंगल बुक’ची कथाभूमी दिली. या कथांचे जंगल आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या सिवनी परिसरातले आहे. आपल्याकडच्या शाळांतली ‘कब’ पथके याच शाखेची. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. धाकट्यांना पुढे येण्याचा आग्रह कोणी केला नव्हता. मोठा भाऊ काहीतरी खरे करताना दिसत होता, एवढे त्यांना पुरले. आणि त्यांना मोठ्यांच्या कार्यक्रमाची चिमुकली नक्कल मिळाली नाही. त्यांच्या वयाचा खेळ मिळाला, सहा-सहांचे गट मिळाले आणि प्रत्येक गटाला त्यांच्यातलाच एक नायक मिळाला.

मोठ्यांच्या कामात लहान माणूस शिरतो कसा, याचे उत्तर शाळेबाहेर अधिक स्पष्ट दिसते. जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात शिंप्यांच्या उमेदवारीचा अभ्यास केला. नवा मुलगा तेथे कापड बेतण्यापासून सुरुवात करत नाही. इस्त्री करणे, काजे-बटणे, हातशिलाई अशी शेवटची कामे त्याच्याकडे आधी येतात. त्यांत चूक झाली तरी कापड वाया जात नाही आणि तयार कपडा रोज हाताखालून जात असल्याने तो कसा बेतला असेल हे कळत जाते. लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ च्या पुस्तकात या कल्पनेची मांडणी केली. कडेचे काम, पण खरे काम, असा तिचा सारांश सांगता येईल.

मराठी वाचकाला यासाठी लायबेरियाला जाण्याची गरज नाही. गावच्या भजनी मंडळात पोर प्रथम मांडीशी बसते. मग केव्हातरी त्याच्या हाती टाळ येतो. ठेका चुकला तरी बाकीचे टाळ ते सावरून घेतात आणि भजन थांबत नाही. मृदंग आणि चाल पुढच्या गोष्टी. पण त्या रात्रीच्या भजनात त्याचा टाळ खराच वाजलेला असतो. ‘अजून लहान आहेस, नुसता बस’ असेही कोणी म्हणत नाही आणि ‘चल, एकट्याने अभंग म्हण’ असेही कोणी म्हणत नाही. शाळेत बहुधा हीच दोन टोके असतात : हात जोडून रांगेत उभे राहणे किंवा माइकसमोर एकट्याने भाषण. मधली, टाळाची जागा रिकामी राहते.

ती जागा भरण्याला फारसा खर्च येत नाही. परिपाठात सुविचार चौथीतल्या मुलीने वाचावा, पण आजचा वार आणि तारीख फळ्यावर दुसरीतल्या मुलाने तिच्या शेजारी उभे राहून लिहावी. परसबागेत आळे मोठ्यांनी करावे, पाणी लहानांनी घालावे आणि कोणत्या वाफ्यात मेथी उगवली ते त्यांनीच सर्वांना सांगावे. भित्तिपत्रकाचा मजकूर मोठ्यांचा, चित्रे लहानांची. प्रत्येक काम आठवडाभर एका जोडीकडे असावे, मग पाळी बदलावी. नाहीतर तीच चार हुशार मुले सगळीकडे दिसतात. ज्याला पहिले काही दिवस नुसते बघायचे आहे, त्याला बघू द्यावे. बघणे ही या शिक्षणाची पहिली पायरीच आहे.

बक्षिसाचे काय? लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग येथे उपयोगी पडतो. चित्रे काढण्याची मुळात आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितले, की चित्र काढलेत तर सोनेरी चांदणीचे प्रमाणपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुले चित्रांकडे इतरांपेक्षा कमी वळली. ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची आवड मात्र घटली नाही. आमिषाने मूल मंचावर येईल, पण बक्षीस संपले की तेही खाली उतरेल.

तरीही काही मुले येतच नाहीत. त्यांचे कारण अनेकदा शाळेच्या फाटकाबाहेर असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हे कोसबाडला दिसले. वारली मुले गुरे राखण्यात आणि धाकटी भावंडे सांभाळण्यात गुंतलेली. या दोघींनी मुलांना दोष न देता शाळेची जागा बदलली. गुरे चरतात तेथे कुरणशाळा भरवली. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकत्र आणले, म्हणजे धाकट्याला घेऊन आलेली बहीणही शिकू शकेल. आजही शाळा सुटल्यावर ठेवलेल्या तालमीला लांबच्या वस्तीवरचे मूल थांबू शकत नाही. उपक्रम शाळेच्या वेळेत आणला की ‘लाजाळू’ मुलांची यादी आखूड होते.

वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र असण्याची जी सोय वर उदाहरणांतून दिसली, ती आपल्या छोट्या शाळांत आधीपासूनच आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत पट असेल तर दोनच शिक्षक मिळतात. साहजिकच दोन-तीन इयत्ता एका खोलीत बसतात. याकडे आपण केवळ उणीव म्हणून पाहतो. अभ्यासाच्या दृष्टीने ती अडचण आहेच. परंतु अशा खोलीत पहिलीतले पोर चौथीतल्या ताईचे काम दिवसभर पाहते आणि हळूच त्यात हात घालते. मोठ्या शाळेला हीच गोष्ट ठरवून, वेळापत्रक आखून घडवावी लागते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभारण्याचा विचार राज्यात २०२३ मध्ये पुढे आला. त्यात अंतर, वाहन आणि खर्च यांचे हिशेब मांडले गेले. वस्तीवरची शाळा मिटली की लहानाच्या शेजारी बसणारी ही ताईसुद्धा हरवते. त्या हिशेबात हा एक रकाना जोडायला हवा.