कात्रपहून पायी पायी

मामांना डॉक्टरांनी सांगितले, "रोज तासभर चाला." साखर वाढली होती, पायाला मुंग्या येत होत्या. मामा घरी येऊन मामींना म्हणाले, "जन्मभर चाललोच की. पेरणीला चाललो, लावणीला चाललो, भाताची पोती डोक्यावर घेऊन चाललो. आता फी देऊन चालायला सांगतात!"

पण खरी अडचण निराळीच होती. चालायचे कोठे? मामांचे घर बदलापूरच्या कात्रपमध्ये. आम्ही लहानपणी मे महिन्यात आजोळी जात असू, तेव्हा ओटीवरून उतरले की खाचरे लागत. आता त्याच जागेवर इमारती उभ्या आहेत, रिक्षा आहेत, दूध-भाजीची दुकाने आहेत. मामांची गावातली दोन खाचरे गेली आणि भोजच्या अंगाला एवढासा तुकडा राहिला. तो विका म्हणून माणसे येऊन बसतात. मामा त्यांना चहा देतात आणि उत्तर देत नाहीत.

या श्रावणात मी चार दिवस कात्रपला राहिले आणि मामांना घेऊन चालले. त्या चालण्याची ही हकिगत. लोकलने मुंबईहून येणारी तरुण मंडळी पाठीवर पिशव्या टाकून या भागात हिंडतात, ते आपण पाहतो. मग आपण शेतकरी घरच्या माणसांनी, बायकांनी, लेकुरवाळ्यांनी का हिंडू नये? डोंगर चढायला नकोत, दोर नकोत. सपाटीच्या किंवा हलक्या चढाच्या वाटा पुष्कळ आहेत.

एक गंमत आधी सांगते, नाहीतर नवखा माणूस चुकतो. बदलापूर स्टेशनात पाट्यांवर पूर्व आणि पश्चिम असे लिहिलेले असते. कात्रप पूर्वेला. पण रूळ येथे तिरके गेले आहेत. त्यामुळे रेल्वेच्या पूर्वेकडे मलंगगड, चंदेरीची डोंगररांग आहे आणि सूर्य मावळतो तो त्याच बाजूला! उगवतो तो रेल्वेच्या पश्चिमेला, बारवीच्या जंगलाच्या बाजूने. भाचीचा मुलगा शाळेत दिशा शिकला आणि घरी येऊन आजोबांशी भांडला. दोघांचेही बरोबर होते.

आमची पहिली वाट कोंडेश्वरची. कात्रपहून खरवईच्या बाजूने निघून भोज गावाकडे गेले की वस्ती विरळ होते. रमतगमत दोन तास लागतात. गाडीरस्ताही आहे, पण मामा डांबरावरून चालायला तयार नव्हते. त्यांनी पायवाट धरली, आणि ती सगळी शेतांच्या बांधावरून. लावणी होऊन गेलेली, रोपे धरलेली, खाचरात घोट्याएवढे पाणी. गायबगळे बांधावर ओळीने उभे, आणि वंचक इतका मातीच्या रंगाचा की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. मग एकदम पांढरे पंख पसरून उडतो आणि मुले दचकतात. भाताचे खाचर म्हणजे पावसाळ्यापुरती पाणथळच आहे. बेडूक, खेकडे, शिंपले, वळगणीला चढून आलेले मासे, सगळे त्यात नांदतात. पक्षी त्यांच्या मागून येतात. पाणथळ पाहायला लांब जाण्याची गरज शेतकऱ्याला नाही, आपल्याच बांधावर उभे राहावे.

वाटेत मामींनी टाकळा आणि कुरडू खुडून पदरात घेतले. शेवळे मात्र जूनची, पहिल्या पावसातली. ती आता संपली होती. तेव्हा आदिवासी बायका ती बाजारात घेऊन बसतात. शेवळाच्या भाजीत काकडाची आंबट फळे घालावी लागतात, नाहीतर घसा खाजतो. काकडे विचारून घ्या, शेवळाबरोबर तीच बाई ती देते. आणि एक ताकीद. कुंपणावर कळलावीची लाल-पिवळी फुले दिसतात, गौरीला वाहतात. फार देखणी, पण तिचा कंद जहाल विषारी आहे. मुलांच्या हातात देऊ नये.

भोजच्या अलीकडे मामांचा तो तुकडा. तेथे पोहोचलो आणि मामा थांबले. बांध एका जागी पायांनी खचला होता, त्याच्या खाली खेकड्याच्या बिळासारखे भोक मोठे होऊन खाचरातले पाणी भळाभळा ओढ्यात जात होते. शेजारच्या शेतावरच्या बाईने सांगितले, रविवारी वीस-पंचवीस पोरे गाणी लावून गेली. वाट निसरडी म्हणून ती बांधाच्या कडेने, रोपांच्या अंगाने चालली. मामांनी चार दिवसांपूर्वीच खत टाकले होते. पाण्याबरोबर तेही गेले.

मला राग आला. मामांना आला नाही, की आला असेल तर त्यांनी दाखवला नाही. "त्यांना काय ठाऊक बांध म्हणजे काय," एवढेच म्हणाले. मला ते पटले नाही. ठाऊक नसेल तर विचारावे! दारापुढून कोणी गेले तर आपण "कुठले पाहुणे?" म्हणून हाक मारतो, तशी शेतात शिरताना त्यांनीही हाक मारावी. बांधावर एकामागे एक चालावे, मधोमध चालावे, ओल्या बांधावर दोघांनी शेजारी चालू नये. पाणी सोडलेल्या खाचरात पाय घालू नये.

इंग्लंडात शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा नकाशावर नोंदलेल्या असतात. हिंडणाऱ्याने वाट सोडायची नाही आणि शेतकऱ्याने वाट बुजवायची नाही. नांगरटीत मोडली तर पुन्हा करून द्यायची. आपल्याकडे फिरायला येणाऱ्यांसाठी असे काही नाही. मात्र शेतकऱ्यासाठी कायदा आहे, तो पुष्कळांना माहीत नसतो म्हणून येथे लिहिते. शेतात जायला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, आणि गरज पाहून शेजारच्या बांधावरून वाट मिळू शकते. असलेली वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. जेथे जमिनी बिगरशेती होऊन कुंपणे पडत आहेत, तेथे हे सहा महिने विसरू नका. कात्रपच्या बाजूची एक जुनी वाट अशीच भिंतीआड गेली. सगळे म्हणत राहिले, बघू, बघू.

कोंडेश्वराचे शंकराचे देऊळ जुने, झाडीत लपलेले. शेजारी धबधबा आणि कुंड. जागा इतकी सुंदर आहे की तिचीच भीती वाटते. कुंडाचा काठ शेवाळाने गुळगुळीत, पाणी खोल, आणि वर डोंगरात सर पडली की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. येथे माणसे बुडाली आहेत, पोहता येणारीसुद्धा. म्हणून पावसाळ्यात प्रशासन मनाई हुकूम काढते. हुकूम असेल तर भोजपर्यंत जाऊन परतावे, त्यात काही गमावत नाही. आम्ही देवळात दर्शन घेतले, लांबून पाणी पाहिले, भाकरी-ठेचा खाल्ला. कुंडात पाय बुडवायचा म्हणून मुलगा रडला. रडू दिला. दिवाळीनंतर पाणी निवळले की मग दगडावर बसण्याची खरी मजा.

दुसऱ्या दिवशी मामांच्या पायाला आराम म्हणून सपाटीची वाट घेतली. रूळ ओलांडून जुन्या बदलापूर गावातून उल्हास नदीकडे गेलो. पावसात ही नदी पाहण्यासारखी असते, पण लांबूनच. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. हजारावर प्रवाशांना बोटींनी आणि इतर मार्गांनी बाहेर काढावे लागले. तेव्हा काठावरची वाट हिवाळ्याची समजा.

हिवाळ्यात, उन्हाळ्यातही, उल्हास आटत नाही. याचे कारण मला मामांनीच सांगितले, आणि मग मी ते पुस्तकातून ताडून पाहिले. मावळात आंध्रा नदीवर टाटांचे धरण आहे. ते पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात उतरते, वीज करते आणि पुढे उल्हासला मिळते. वीजघर १९२२ सालचे. आंध्रा ही इंद्रायणीची उपनदी, इंद्रायणी भीमेला मिळते आणि भीमा पंढरपूरला जाते. म्हणजे पंढरपूरला निघालेले पाणी आमच्या बदलापूरला येते! मामा दर उन्हाळ्यात नदीला नमस्कार करतात, तो कोणाला, हे मला आता समजले.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी काठाने सकाळी आठच्या आत चालावे. खंड्या, पाणकावळे, टिटव्या, शेपटी हलवणारे धोबी दिसतात. धोबी थंडीत उत्तरेकडून येतात. दुर्बीण नसली तरी चालते, गप्प राहणे मात्र आले पाहिजे. ज्यांना हे आवडले त्यांनी एखाद्या सुटीत लोकलने ठाण्याला जाऊन ठाणे खाडीचे रोहित पक्षी पाहून यावेत. ती खाडी २०२२ पासून रामसर यादीत आहे.

बारवीविषयी थोडक्यात. रस्ता मुळगावावरून जातो. तेथील टेकडीवरचा खंडोबा पायऱ्यांनी सहज होतो. पुढे साग-ऐनाची झाडी. बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचे, १९७२ सालचे. पुढे उंची वाढवली, आता त्यात सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर पाणी मावते, आणि त्यासाठी आणखी शेते, घरे पाण्याखाली गेली. जंगलात वनखात्याला विचारल्याशिवाय शिरू नये, धरणाच्या भिंतीकडे जाऊ देत नाहीत. येथे फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुललेला असताना यावे, किंवा मे अखेरीस करवंदांसाठी. बदलापूरच्या जांभळांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ती याच दिवसांत वाटेवर विकायला असतात. चाखून घ्या.

बरोबर काय घ्यावे? पाणी घरचे, काठी, पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात बूट. चपलेने बांधावर घसरायला होते. पायाला जखम असेल तर चिखलपाण्यात उतरू नये. उंदीर-गुरांच्या मुतातून लेप्टोची बाधा त्याच वाटेने होते, आणि शेतकरी त्यात आधी सापडतो. पावसात फिरून आल्यावर ताप आला तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना चिखलात गेल्याचे सांगा. साप चावला तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठावा. घोणस, फुरसे, नाग, मण्यार, चौघांच्याही विषावर लस तेथे मिळते. चावा कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. चावलेला अवयव हलवू नये.

शहरातली माणसे भोजकडे येऊन "जेवण मिळेल का?" विचारतात. काही घरांतून तांदळाची भाकरी आणि रानभाजी मिळते. माझे मत विचाराल तर पैसे घ्यावेत, संकोचू नये, आणि आदल्या दिवशी निरोप देणाऱ्यालाच हो म्हणावे. ऐन लावणीत चिखलाच्या हातांनी चुलीपाशी धावण्यात शहाणपण नाही.

चौथ्या दिवशी मामा पहाटेच उठून बसले होते. चालायला जायचे म्हणून नव्हे, बांध बांधायला. आम्ही सगळे निघालो. मामांनी भोकात आधी गवताचा बोळा घातला, वर चिखल थापला, पायाने दाबला, पुन्हा थापला. पाणी वाहायचे थांबले. हात धुऊन त्यांनी घड्याळ पाहिले आणि म्हणाले, "तास झाला का गं? डॉक्टरांना सांग."

येताना भाचीचा मुलगा पुढे होता. ओल्या जागी आला तसा तो बांधाच्या मधोमध आला, दोन्ही हात पसरले आणि एकेक पाऊल टाकत गेला. मामा त्याच्या मागे.